कागदावर सही नसलेला तिसरा

फौज पाठवायला हवी असं म्हणणारी माझी ताई, आणि सबुरीनं घ्या म्हणणारे आमचे मामा. लोकांना हे उलटं वाटतं. ताई सांगलीला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. तिनं एनसीसीची डमी रायफलसुद्धा कधी उचललेली नाही. मामा लष्कराच्या एएससीत, म्हणजे रसद वाहणाऱ्या दळात, ड्रायव्हर म्हणून भरती झाले आणि नायब सुभेदार होऊन कोरेगावला परतले. १९८७ ते ८९ त्यांचा ट्रक श्रीलंकेच्या उत्तर भागात, जाफन्याकडे, फिरत होता. ताईच्या वर्गात वादविवादाला विषय निघाला: देशानं आपलं सैन्य दुसऱ्याच्या लढाईत कधी घालावं? टिपणं काढायला म्हणून ती वसुबारसेला मामांसमोर वही घेऊन बसली आणि वाद भाऊबीजेपर्यंत पुरला. त्यातलं मला ठेवावंसं वाटलं तेवढं इथे देतो.

ताई: मामा, तुम्ही सगळं जाफन्याच्या मापानं मोजता. एक मोहीम फसली म्हणून सगळ्याच वाईट? एकाहत्तर साली आपण सरहद्द ओलांडलीच होती ना?

मामा: ओलांडली, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण दोन्ही मोहिमा शेजारी ठेवून बघ. एकाहत्तरला आपण कुणाच्या बाजूनं आहोत हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सत्तरच्या निवडणुकीत पूर्व बंगालातल्या १६२ जागांपैकी १६० शेख मुजीबच्या पक्षाला मिळालेल्या. मुक्तिवाहिनी पुढं होती, वाटा तिच्या ओळखीच्या. आणि तीन महिन्यांत आपण परत. मार्च ७२ मध्ये ढाक्यात निरोपाची परेड झाली, संपलं.

ताई: जाफन्यातही सुरुवातीला तुम्हाला हारच घातले होते.

मामा: घातले की. लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहायचे. शहाळी द्यायचे. त्यांना वाटत होतं, सिंहली फौजेपासून वाचवायला आलेत. कोलंबोला वाटत होतं, तमिळ वाघांची हत्यारं काढून घ्यायला आलेत. वाघांना वाटत होतं, दिल्लीनं आपल्याला न विचारता आपला सौदा केला. आणि आम्हाला सांगितलेलं, शांतता राखायला चाललोय. एकाच गाडीत बसलेले चार जण, आणि चौघांनी तिकीट चार गावांचं काढलेलं.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण आज चाळिशीच्या आतल्या वाचकाला यातलं फारसं माहीत नसतं. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. ४८ तासांत लढाई थांबवायची, त्यानंतर ७२ तासांत तमिळ गटांनी शस्त्रं खाली ठेवायची, उत्तर आणि पूर्व प्रांत तूर्त एक करायचे, आणि हे सगळं घडतंय ना हे बघायला, जयवर्धन्यांनी बोलावलं तर, भारताचं शांतिसैन्य. शस्त्रं ज्यांच्या हातात होती त्या एलटीटीईची, म्हणजे वाघांची, सही त्या कागदावर नव्हती. त्यांचा म्होरक्या प्रभाकरन याला त्या दिवसांत दिल्लीच्या हॉटेलात जवळजवळ कोंडून ठेवलं होतं. परतल्यावर ४ ऑगस्टला सुदुमलै इथल्या सभेत त्यानं सांगून टाकलं की एका मोठ्या सत्तेनं आमचं भवितव्य ठरवलंय, आमचा इलाज चालत नाही. याला कुणी संमती म्हणत असेल तर म्हणो. सह्यांच्या दुसऱ्याच दिवशी सलामी स्वीकारताना राजीव गांधींवर श्रीलंकेच्या एका नौसैनिकानं बंदुकीचा दस्ता उगारला आणि खांद्यावर हाणला. सही करणाऱ्या देशातही हा कागद सगळ्यांना मान्य नव्हता, हे तिथेच दिसलं होतं.

ताई: मान्य. करार घाईचा होता. पण तुम्ही एक गोष्ट वगळताय, मामा. या वाघांना दूध कुणी पाजलं? ८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची कत्तल झाली, त्यानंतर भारतानंच या गटांना तळ दिले, प्रशिक्षण दिलं. म्हणजे आग लावण्यात आपलाही हात. ८७ च्या मे महिन्यात लंकेची फौज जाफन्याजवळच्या वडमराच्चीत घुसली, जाफन्याची कोंडी झाली, लाखो माणसं अडकली. आपण ४ जूनला विमानांतून धान्य टाकलं. तेवढं करून हात झटकायचे होते? शेजारधर्म, तोही आपण बिघडवलेल्या शेजाराचा, काही मागतो की नाही?

मामा: मागतो. पण मागतो ते फौजच असतं, असं कुणी सांगितलं? फौजेला एक विचारावं लागतं: शत्रू कोण? आम्हाला दोन महिने याचं उत्तर नव्हतं आणि मग एका आठवड्यात मिळालं.

तो आठवडा मामा नेहमी सांगतात आणि त्यात त्यांचा तपशील सहसा चुकत नाही. सप्टेंबरअखेर तिलीपन नावाचा एलटीटीईचा नेता उपोषणात मेला आणि जाफन्यातली हवा फिरली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलानं समुद्रात १७ जणांना पकडलं. त्यांत कुमारप्पा आणि पुलेंद्रन हे दोन मोठे कमांडर. कोलंबोला त्यांना चौकशीसाठी न्यायचं होतं. ते पलालीच्या विमानतळावर लंकेच्या सैनिकांच्या ताब्यात, आणि त्याच तळावर भारतीय फौज. दिल्ली आणि कोलंबो यांच्यात निरोपांची धावपळ झाली, तोडगा निघाला नाही. ५ ऑक्टोबरला त्यांनी सायनाइड घेतलं. बारा जण गेले. त्यानंतर सिंहली नागरिकांच्या कत्तली झाल्या आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास शांतिसैन्य जाफना जिंकायला निघालं.

मामा: अकरा-बारा तारखेच्या रात्री विद्यापीठाच्या मैदानावर एमआय-८ हेलिकॉप्टरनं पोरं उतरवली. वाघांचे नेते झोपेत पकडायचे होते. त्यांनी आपलं वायरलेस आधीच ऐकलेलं, ते वाट बघत बसलेले. १३ शीख लाइट इन्फन्ट्रीची ३० पोरं उतरली. २९ मेली, एक पकडला गेला. पुढची हेलिकॉप्टरं उतरूच शकली नाहीत. ऑगस्टमध्ये आम्ही हारतुऱ्यांच्या तयारीनं गेलो होतो, पोरी. तोफा मागे, पलटणी अपुऱ्या, नकाशे जुने.

मी: आणि तुमचा ट्रक?

मामा: माझा ट्रक पलालीहून जाफन्याला शिधा घेऊन जायचा. अंतर वीस किलोमीटरसुद्धा नाही. तेवढ्याला कधी कधी अख्खा दिवस. पुढं सुरुंग शोधत रोड ओपनिंग पार्टी चालत. प्रत्येक मोरीपाशी थांबायचं. एक जवान पोटावर पडून मोरीच्या आत डोकावणार, सळईनं माती टोचणार, डांबरावर ठिगळ नवं दिसतंय का बघणार, कडेच्या शेताडीत तार गेलीय का शोधणार. मग हात वर. मग मी पहिला गिअर टाकणार. पायाखाली वाळूची पोती, काच काढून टाकलेली. पुढच्या मोरीपर्यंत दुसरा गिअर पडायचा नाही. असं तांदूळ पोचवायला. जे लोक आपल्याला शहाळी देत होते त्यांच्याच गावातून.

ताई थोडी थांबली. पण ती वर्गात शिकवणारी बाई आहे, समोरच्याचा अनुभव मोठा आहे म्हणून मुद्दा सोडून देत नाही.

ताई: त्या गावांचं काय झालं तेही बोलूया मग. २१ ऑक्टोबर १९८७. दिवाळीचाच दिवस. जाफन्याचं सरकारी इस्पितळ. साठाहून जास्त माणसं मेली. त्यांत रुग्ण, नर्सा, डॉक्टर. सैन्य म्हणतं, आतून गोळीबार झाला, चकमकीत सापडले. वाचलेले डॉक्टर म्हणतात, वाघ तोवर निघून गेले होते.

मामा: मी तिथं नव्हतो.

ताई: तुम्हाला विचारत नाहीये. मी म्हणतेय, तुमचा मुद्दा मलाही पुरून उरतो. शांतता राखायला पाठवलेली फौज लढायला लागली की सगळ्यात आधी तिथल्या माणसांना कळत नाही ती कोण आहे. आपली साडेअकराशेच्या वर माणसं गेली. तिथल्या नागरिकांचा हिशोब तर नीट मांडलाही गेला नाही. मला हे मान्य आहे. तरी मी म्हणते, यावरून ‘जाऊच नका’ हा निष्कर्ष निघत नाही. मालदीव घ्या.

मालदीववर दोघांचं जवळपास एकमत आहे, म्हणून तो भाग आटोपता घेतो. ३ नोव्हेंबर १९८८ ला पहाटे मालेमध्ये भाडोत्री तमिळ बंदूकधाऱ्यांनी उठाव केला, अध्यक्ष गयूम यांनी लपूनछपून जगभर मदत मागितली, आणि त्याच रात्री आग्र्याहून उडालेली आयएल-७६ विमानं हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरली. ब्रिगेडियर फारुख बलसारांचे छत्रीधारी होड्यांतून मालेत गेले. ओलीस घेऊन पळालेलं जहाज आयएनएस गोदावरी आणि आयएनएस बेतवा यांनी समुद्रात अडवलं. बोलावणारा एक, तोही मान्य सरकारचा प्रमुख, काम एक, आणि ते संपलं की नाही हे डोळ्यांना दिसणारं. मामांना इथे फक्त एवढंच सांगायचं असतं की ज्या दिवशी मालदीवची वाहवा झाली त्या दिवशीही ते मोरीपाशीच उभे होते.

ताई: म्हणजे तुमचा नियम झाला: ज्यांच्या हातात बंदूक आहे त्या सगळ्यांची सही हवी, नाहीतर जायचं नाही.

मामा: झाला.

ताई: मग कोरिया? जनरल थोरात तुमच्याच भागातले, कोल्हापूरचे. त्यांचं काय करायचं?

हा डाव मला अनपेक्षित होता, आणि मामांनाही. २७ जुलै १९५३ ला कोरियातल्या युद्धबंदीवर संयुक्त राष्ट्रांच्या सेनेनं सही केली, उत्तर कोरिया आणि चीनच्या बाजूनं झाली, पण दक्षिण कोरियाच्या सिंगमन री यांनी सही केलीच नाही. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांना सांभाळण्याचं काम भारतीय तुकडीवर आलं. तिचे प्रमुख होते शंकरराव थोरात, आणि पाच देशांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या. री यांनी जाहीर केलं की भारतीय सैनिकाचा पाय आमच्या मातीला लागू देणार नाही. तेव्हा बोटीतून आलेल्या भारतीयांना अमेरिकन हेलिकॉप्टरांनी उचलून थेट दोन फौजांमधल्या मोकळ्या पट्ट्यात नेऊन सोडलं. कैदी दोन्ही बाजूंचे कडवे. एकदा त्यांनी एका भारतीय मेजरलाच आत ओढून धरलं. थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. दंगलीत गोळी चालवावी लागली असे प्रसंगही आले. पण १९५४ च्या फेब्रुवारीपर्यंत तुकडी घराकडे निघाली होती. कुठंच जायचं नाही म्हणणारे ऐंशीहून अधिक कैदी तिच्यासोबत भारतात आले.

ताई: सही नसलेला तिसरा तिथेही होता, मामा. आणि शस्त्रं त्याच्याकडे वाघांपेक्षा हजारपट.

मामा: (बऱ्याच वेळानं) थोरातसाहेबांना तारीख दिलेली होती.

ताई: म्हणजे?

मामा: किती दिवस समजावणी, किती दिवसांनी कैदी सोडायचे, सगळं लिहिलेलं. जानेवारी आली, दारं उघडली. कुणी म्हणालं असतं की आता या री साहेबालाही सरळ करा, तर ते म्हणाले असते, ते माझं काम नाही. आम्हाला असं म्हणता आलं नाही. जुलैत गेलो ते वेगळ्या कामाला, ऑक्टोबरात काम बदललं, ८८ मध्ये निवडणुका घेतल्या, ८९ मध्ये आपणच बसवलेल्या वरदराज पेरुमालच्या प्रांतिक सरकारला राखत बसलो. प्रत्येक वेळी नवं काम, आणि हुकूम मात्र जुनाच. प्रेमदासा अध्यक्ष झाले तेव्हा ते वाघांशी बोलणी करत होते, आम्हाला ‘चालते व्हा’ म्हणत होते, आणि वाघांना बंदुकाही त्यांनीच पुरवल्या. ज्यांनी बोलावलं आणि ज्यांच्याशी लढलो ते दोघं एक झाले, आम्ही मध्ये उभे. शेवटची तुकडी मार्च ९० मध्ये त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला उतरली तर मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत.

मला विचाराल तर या सगळ्या वादातलं खरं बोट ठेवण्यासारखं वाक्य मामांचं हेच आहे, नवं काम आणि जुना हुकूम. परदेशात सैन्य पाठवावं की नाही यावर आपण अग्रलेख लिहितो ते पहिल्या विमानापुरते. श्रीलंकेत पहिलं विमान ३० जुलैला उतरलं. ते उतरवणं चूक होतं की बरोबर यावर शहाण्या माणसांचं आजही दुमत होईल. पण युद्धाचा निर्णय ऑक्टोबरात झाला, आणि त्याआधी संसदेला कुणी विचारलं नाही. विचारायची सक्तीही नाही. आपल्या राज्यघटनेप्रमाणे सैन्याचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, ते वापरायचं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. सैन्य देशाबाहेर धाडण्याआधी लोकसभेचं मत घ्यायला लावणारा कायदा इथे नाही. २५ नोव्हेंबरला ८ महार पलटणीचे, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागल्यावरही हल्लेखोराची रायफल हिसकावून लढले आणि गेले. त्या मोहिमेतलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. त्या रात्री ते जे काम करत होते ते कुठल्या ठरावात लिहिलेलं होतं? भारत-श्रीलंका करारात तरी नव्हतं.

ताई: जर्मनीत असा कायदा आहे. १९९४ मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयानं सांगितलं, परदेशी सशस्त्र कामगिरीला संसदेची संमती लागेल. ती संमती ठरावीक मुदतीची असते, काम लिहिलेलं असतं, किती सैनिक तेही. मुदत संपली की पुन्हा मत. ब्रिटनमध्ये कायदा नाही, पण २०१३ मध्ये सीरियावर हल्ल्याचा प्रस्ताव संसदेत पडला आणि पंतप्रधानांना थांबावं लागलं.

मामा: आणि मालदीवच्या रात्री? मत घेत बसले असते तर गयूम सकाळपर्यंत जिवंत राहिले असते?

ताई: आणीबाणीत आधी जा, मग ठराव आणा, अशी सोय त्या कायद्यातही आहे. मला पहिल्या रात्रीची चिंता नाही. तुमच्या ऑक्टोबरची आहे.

मामा: इराकला मात्र बरं केलं. अमेरिकेनं पुरी डिव्हिजन मागितली होती, २००३ ला. वाजपेयींनी नाही म्हटलं.

ताई: जुलैत. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही म्हणून. त्याआधी महिना-दोन महिने दिल्लीत चांगलंच मन डळमळत होतं.

मामा: आपल्या सातारा जिल्ह्याला इराक नवा नाही. कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. अपशिंग्यात जाऊन बघ, पहिल्या महायुद्धातल्या ४६ जणांचा दगड आहे. त्यांना कुणी विचारलं होतं?

इथपर्यंत दोघं एकमेकांच्या जवळ आले होते असं मला वाटलं, आणि मी तसं म्हणालो. चुकलंच. मामा माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी रवांडा काढला, जो खरं तर ताईचा विषय. ती वर्गात दर वर्षी शिकवते: १९९४ चा एप्रिल, दहा बेल्जियन शांतिसैनिक मारले गेले, बेल्जियमनं सैन्य काढून घेतलं, आणि शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं कापली गेली. फौज पाठवायला हवी होती, हे ताईचं सगळ्यात पक्कं उदाहरण.

मामा: तुझ्या नियमानं तिथं सगळं बरोबर झालं की. काम बदललं, सुरक्षा परिषद बसली, मत घेतलं.

ताई: आणि अडीच हजारांचं सैन्य २७० वर आणायचा ठराव एकमतानं केला. २१ एप्रिलला. तेव्हा परिषदेत रवांडाचं सरकारही सदस्य होतं, कत्तल करणारंच.

मामा: मग? मतानं काय मिळालं?

ताई: माणसं वाचली नाहीत. मी खोटं बोलणार नाही. पण १५ देशांची नावं त्या ठरावावर आहेत आणि माझ्या वर्गातली पोरगी ती वाचून विचारू शकते की तुम्ही हात का वर केलात. क्लिंटन पुढे किगालीला जाऊन चूक झाली म्हणाले, ते उगाच नाही. तुमच्या त्या ऑक्टोबरच्या आठवड्यात, मामा, पलाली ते दिल्ली कोण काय म्हणालं, कुणी नको म्हटलं, कुणी दोन आठवड्यांत आटपतो म्हणून सांगितलं, ते मला कुठे वाचायला मिळतं?

मामा: साहेब लोकांनी पुस्तकं लिहिलीत ना. आमचे जनरल हरकिरत सिंग यांचं आहे, कोलंबोतले आपले उच्चायुक्त दीक्षित यांचं आहे.

ताई: दोन्ही वाचलीत. एकमेकांवर ढकललंय.

मामा: मग तिसरं कुणीतरी लिहावं लागंल.

ताई: सरकारी कागद उघडल्याशिवाय कशावरून लिहिणार?

मामांनी वही तिच्याकडे सरकवली आणि म्हणाले, पहिलं तेच लिही, कागद उघडा म्हणावं.